मामाच्या माथी मारलेला व्हायरस

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला जागा मिळाली ती कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत. भिवंडीत कारखाना म्हणजे लूमच, कापड विणणारे यंत्रमाग. भिंतीच्या त्या बाजूला अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे लूम खडखडत असायचे आणि या बाजूला आम्ही जेवायचो, झोपायचो, भांडायचो. त्या आवाजामुळे आमच्या घरातलं प्रत्येक माणूस ओरडून बोलायचं आणि लग्नाकार्यात चार लोकांत गेलं की लोक आमच्याकडे वळून बघायचे. दुसरी गोष्ट रुईची. कापसाचा तो बारीक कचरा खिडक्या कितीही लावल्या तरी आत यायचा. देवाच्या फोटोवर, उशीवर, पाण्याच्या हंड्यावर, सगळीकडे. आई जवळ्याचं कालवण वाढताना आधी डाव मारून वरची रुई बाजूला करायची आणि मग आमच्या भाताकडे वळायची. पाहुणे हे बघून भाकरी कोरडीच खायचे. मी त्या रुईत जन्मले, वाढले, तरी मला तिची कधी सवय झाली नाही. आजही दाताखाली काही तंतूसारखं आलं की मी ताट सारते. घरातले म्हणतात, फार नखरे आहेत हिचे. असू देत.

कॉम्प्युटर घेतला होता बिलांसाठी, आणि चालवायचा वसंतमामा. वसंतमामा म्हणजे आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. मूळ घर पडघ्याला, पण बी.कॉम. झाल्यापासून आमच्याकडेच राहून अण्णांचा हिशेब बघायचा. उंच, किडकिडीत, आणि लाजरा इतका की भाजीवालीनेही त्याला दोनदा हाक मारावी लागायची. स्वतःचं ताट स्वतः घासायचा, म्हणून माझी आत्या त्याला हसायची. आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्या घरात होती, आणि घर तिच्या तोंडाने चालायचं. मामाची सोयरीक दापोड्याच्या एका मुलीशी ठरली होती. सुपारी फुटली होती, साड्यांची बोलणी चालू होती, आणि मामा बिलं टाइप करता करता उगाच हसायचा.

पहिले काही महिने कॉम्प्युटर नीट चालला. मग मागच्या पंख्याचा आवाज यायला लागला, किरकिर, किरकिर, कोणी दाराची बिजागरी सारखी हलवत असल्यासारखी. थोड्या दिवसांनी ती किरकिर आपोआप थांबली. आम्हाला वाटलं, बरं झालं. त्यानंतर मात्र रोग सुरू झाला. बटण दाबलं की पडदा उजळायला इतका वेळ लागायचा की मामा तेवढ्यात आंघोळ उरकून यायचा. आतून टिक, टिक असा आवाज. मग कसंबसं सुरू व्हायचं, मामा बिलं काढायला बसायचा, आणि अर्धं बिल झालं की फट्ट. सगळं काळं. परत बटण दाबावं तर कधी नुसतीच शीळ घालायचा, कधी सुरू व्हायचा आणि आधीपेक्षा लवकर मरायचा. बंद होताना एक वास यायचा, गरम तेलासारखा, जुन्या तव्यासारखा. मला त्या खोलीत मळमळायला लागायचं. पण आमच्या घरात तेलाच्या वासाला कोण विचारतो? अण्णांच्या सदऱ्यांना तोच वास, टॉवेलांना तोच, आम्हा पोरांच्या केसांनाही तोच.

दुरुस्तीला राजू यायचा. बाजारात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, शर्ट खोचलेला, कमरेला मोबाईलची पिशवी. तो यायचा, खुर्चीत बसायचा, चहा मागायचा, सीडी घालायचा आणि फॉरमॅट मारायचा. पेटी उघडून आत बघणं त्याने कधी मनावर घेतलं नाही, कारण रुईने त्याला शिंका यायच्या. पुढे आयुष्यात मी पुष्कळ मेकॅनिक पाहिले, डॉक्टरही पाहिले, आणि न उघडता, न तपासता निदान करणारा माणूस बघितला की माझं डोकं फिरतं. तेव्हा मी अकरावीत होते, डोकं फिरवून घ्यायची परवानगी नव्हती.

राजू तिसऱ्यांदा की चौथ्यांदा आला तेव्हा अण्णा वैतागले होते. "अरे, तू सारका सारका येतंस, आनि ह्यो सारका मरतंय. हाय काय ह्याला?" राजूने बिस्कीट चहात बुडवलं आणि म्हणाला, "व्हायरस आहे, शेठ. मी साफ करतो, पण घरातलं कोणी परत घुसवतं, त्याला मी काय करणार?" अण्णांनी विचारलं, घुसवतं म्हणजे कसं. तेव्हा राजूने आईकडे, आत्याकडे, माझ्याकडे एक नजर टाकली, आवाज खाली आणला, म्हणजे लूमच्या घरात जेवढा आणता येतो तेवढा, आणि म्हणाला, "आता लेडीज समोर काय बोलू? गंद्या साईट असतात ना, वो सब देखने से आता है. जवान लडका है घर में?" बिस्कीट कपात पडलं, त्याने ते बोटाने काढून खाल्लं. मला त्या बोटाची आजही शिसारी येते.

घरात जवान लडका एकच होता. मामा दारातच उभा होता, हातात बिलांचा गठ्ठा. आत्याने पदर आवरला. तो आवरलेला पदर मी विसरले नाही. माणसाच्या अंगाला घाण लागली आहे असं ठरवायला त्या बाईला एक चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

संध्याकाळी अण्णांनी मामाला समोर उभं केलं. "वसंता, काय बघतंस तू त्याच्यात?"

"दाजी, मी बिलं टाइप करतंय. दुसरं काय न्हाय."

"मंग व्हायरस काय बिलातून आलं?"

लाजरा माणूस आरोप ऐकून लाल होतो, घाम पुसतो, आणि बघणाऱ्यांना तेच कबुलीसारखं वाटतं. इंटरनेटची वायर अण्णांनी हाताने उपटली. आत्याने मला सांगितलं, "त्याच्या खोलीत जायाचा न्हाय गो, बाय." मामाचं ताट वेगळं पडायला लागलं, त्याने वापरलेला तांब्या आत्या दोनदा घासायची. आईने या भावाला कडेवर वाढवलं होतं, त्याचं जावळ तिच्या मांडीवर झालं होतं, आणि ती चुलीशी बसून बोंबील साफ करत राहायची, डोकं वर न करता. मला तिचाही राग यायचा. खरं तर त्या दिवसांत मला घरातल्या प्रत्येक माणसाची किळस आली होती. कुजबुज थांबवून एकदम हवापाण्याचं बोलायला लागणारी ती तोंडं! लूम बंद पडला तर आमच्याकडे कोणी सुताच्या चारित्र्याची चौकशी करत नसे, सरळ वाकून लूम बघत. इथे मशीन सोडून सगळे माणसाला हुंगत होते.

आणि अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. दापोड्याच्या मुलीच्या वडिलांना ते स्वतः जाऊन भेटले. "उद्या त्यांनी मना बोल लावाला नको," असं त्यांचं म्हणणं. काय सांगितलं, कसं सांगितलं देव जाणे, पण आठवडा संपायच्या आत तिकडून निरोप आला की पोरीला इतक्यात द्यायची नाही. मामाने एका पिशवीत कपडे भरले आणि तो पडघ्याला गेला. तिथे त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. बी.कॉम. झालेला माझा मामा वळ गावच्या गोदामात ट्रकमधून खोकी उतरवायला लागला, कारण घरात बसलं की बापाचं तोंड बघावं लागायचं.

मामा गेला आणि कॉम्प्युटर? तो पूर्वीसारखाच मरत होता. आता बिलं काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. राजूने परत सगळं पुसून दिलं होतं, नेटची वायर भिंतीवर लोंबत होती, मामा पडघ्याला होता, आणि तरीही फट्ट. मी राजूला विचारलं तर म्हणाला, "पुराना असर है." असर! जसं काही मामाचं भूत खुर्चीत बसलं होतं.

तेव्हा मी लक्ष ठेवायला लागले. सकाळी गार असताना तो बराच वेळ टिकायचा. बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर पटकन मरायचा, जेवून आल्यावर सुरू केला तर परत बराच वेळ. एकदा तर विंडोज यायच्या आधीच, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं असताना मेला. म्हणजे आतलं काही वाचायच्या आधीच. व्हायरस असला तरी तो अजून झोपलेला असणार ना? पेटीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. म्हणजे हा तापतो, तापला की मरतो, निवला की जगतो. एवढं कळायला कॉम्प्युटर शिकावा लागत नाही. त्यासाठी फक्त माणसावर संशय घ्यायची चटक नसावी लागते.

अण्णा सुताच्या बाजारात गेले होते त्या दुपारी मी कारखान्यातून पेचकस मागवला आणि पेटीच्या बाजूचा पत्रा काढला. आत काही दिसतच नव्हतं. पत्र्याच्या आत सगळीकडे काळपट, ओला, केसाळ गोळा. रुई आत शिरली होती हे मी धरूनच चालले होते, पण ही कोरडी रुई नव्हती. ती तेलाने थबथबली होती, दाबून बसली होती, गादीसारखी. न्हाणीच्या मोरीत अडकलेला केसांचा गुंता बाहेर काढावा तसा मी तो बोटांनी ओढला. तो लांबत लांबत आला, आणि त्याच्याबरोबर चिकटून वाळलेली झुरळं आली, एक पालीचं पिल्लू आलं. मागचा पंखा त्या लगद्यात रुतून बसला होता, पाती हलतच नव्हती. मधल्या मोठ्या चिपवरचा पंखा फिरत असेलही, पण त्याच्या खालच्या पत्र्यांच्या फटी शेणाने लिंपल्यासारख्या बंद होत्या. हार्ड डिस्कवर तेलाचा थर. मी मोरीवर जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

तेवढ्यात आई आली. परातीत काढून ठेवलेला तो गोळा तिने बघितला, वाकून वास घेतला. "ह्ये तर लूमचं त्याल," ती म्हणाली. मग ती तशीच वाकलेली राहिली. तिच्या लक्षात आलं होतं. कारखान्याची पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी अण्णा तेलाची कुप्पी घेऊन प्रत्येक लूमला स्वतःच्या हाताने थेंब सोडत. कारीगरांवर त्यांचा भरवसा नव्हता. फिरणारी वस्तू कोरडी ठेवायची नाही, हा त्यांचा नेम, पूजेइतका पक्का. शिलाई मशीन, विहिरीचा रहाट, पंखे, सगळ्यांना त्यांचा थेंब मिळायचा. "पंका कोकलत व्हता ना," आई हळूच म्हणाली, "तवापासून हे रोज सकाली देवाला दिवा लावला की हितं मागून त्याल सोडतात. मी बघतंय रोज. मना वाटलं, मशीनच हाय, लागत असंल." आम्ही पोरं त्या वेळी झोपलेली असायचो. किरकिर थांबली होती ती म्हणून.

मी अख्खी दुपार घासत बसले. जुना दाढीचा ब्रश, स्पिरिट, कापसाऐवजी माझा सुती दुपट्टा, कारण कापसाचं तोंड बघायची इच्छा नव्हती. मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं खोडरबराने घासली. तिच्यामुळेच तो शीळ घालत होता, हे पुढे कळलं. पंख्याला सुकवलं. जोडणी केली, बटण दाबलं. टिकटिक राहिली, हार्ड डिस्क तापून तापून खराब झाली होती आणि ती पुढे बदलावीच लागली, त्यामुळे सुरू व्हायला वेळ लागलाच. पण एकदा सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत चालू राहिला. आई तोवर जागची हलली नाही. परात तिच्या मांडीवर.

अण्णा आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्यात बोट घातलं, चोळलं, नाकाशी नेलं. "त्याल तं माजंच हाय," म्हणाले. मला वाटलं, आता हे पडघ्याला फोन लावतील. अण्णांनी बोट धोतराला पुसलं आणि ते जेवायला पाटावर बसले. "फेक ते उकिरड्यावर. नवा कॉम्प्युटर आनू."

"आणि मामा?" मी विचारलं.

"त्याचं जमंल दुसरीकडं कुटं तरी."

"अवो, त्याचा काय दोष नव्हता," आई म्हणाली. "तुमी दापोड्याला जाऊन सांगा ना."

"काय सांगू?" अण्णा एकदम चढले. "अण्णाशेठला मशीन कलत न्हाय, त्यानं कॉम्प्युटरला त्याल पाजलं, ह्ये सांगू? सगल्या भिवंडीत कारीगर हसतील मना. कोनी कायपन बोलायचा न्हाय. व्हायरस व्हता, संपला विषय."

आत्या मान डोलवत होती. खरी ओकारी मला त्या क्षणी आली. पालीच्या पिल्लाचं काही नाही, ते बिचारं मेलेलं होतं. पण एका पोराचं नाव, लग्न, बाप, सगळं गेलं तरी चालेल, फक्त मला कोणी हसता कामा नये, असं माझे वडील जेवणाच्या पाटावर बसून म्हणाले आणि मग त्यांनी आईकडे भाकरी मागितली. आईने ती वाढली. मी त्या रात्री जेवले नाही. मला वाटलं, संपलं.

सकाळी पाळी बदलायच्या वेळी कारखान्यात दोन्ही पाळ्यांचे कारीगर एकत्र असतात, एक निघायच्या तयारीत, एक शर्ट खुंटीला लावत. अण्णा कुप्पी घेऊन लूममधून फिरत होते. माझी आई लग्न होऊन आल्यापासून त्या कारखान्यात कधी पाय ठेवत नसे, बायकांनी तिथे जायचं नाही असा आमच्याकडे रिवाजच होता. ती डोक्यावर पदर घेऊन, हातात गोळ्यासकट कालची परात घेऊन आत शिरली. मी मागून धावले. कारीगर बाजूला झाले. एकाने कोणीतरी बटण दाबलं, मग दुसऱ्याने, आणि लूम एकेक करून थांबत गेले. मी त्या भिंतीपलीकडची शांतता आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

आईने परात तेलाच्या पिंपावर ठेवली. आमच्या घरातली माणसं ओरडून बोलतात, हे मी सांगितलंच, पण आई त्या दिवशी ओरडली नाही, गरजच नव्हती. "ह्ये कॉम्प्युटरच्या पोटातनं निगालंय," ती म्हणाली. मग कारीगरांना कळावं म्हणून हिंदीत, तिच्या मोडक्या हिंदीत, "सेठ रोज तेल डाला. मेरा भाई कुछ नहीं किया. मेरा भाई अच्छा है. सबको बोलो." एवढंच. अण्णांच्या हातातली कुप्पी तिरकी झाली होती, तेल पायावर सांडत होतं. मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग अजून एक. अण्णा ओरडले, "चालू करो लूम!" कोणी चालू केले नाहीत. आई परात घेऊन बाहेर पडली, दार ओलांडून गेली, आणि मग लूम सुरू झाले.

दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर, सुताच्या बाजारात, सगळीकडे ती गोष्ट झाली होती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा अण्णा दापोड्याला गेले. खरं सांगायला नाही हो, सांगण्याआधी ते तिथे पोचलेलंच होतं. मुलीच्या वडिलांनी चहा दिला आणि तारीख काढली.

लग्न पडघ्याला, मामाच्या दारात झालं. जेवणं व्हायच्या आधी नवरानवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत निघाली. एका रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या. मामा आईच्या पाया पडला, तेव्हा आईने त्याला उठवून उराशी धरलं आणि सोडेचना. पुढच्या खुर्चीत अण्णा. त्यांनी टोपी सारखी केली, पाय जरा पुढे घेतले आणि आशीर्वादाला हात उचलून धरला. मामा त्यांच्यासमोर आला, थांबला. तो लाजरा मामा, भाजीवालीलाही न बोलणारा. त्याने बायकोचा हात धरला आणि तिला घेऊन पुढच्या खुर्चीकडे गेला, जिथे गावातले एक म्हातारे बसले होते, आणि त्यांच्या पायाला वाकला.

अण्णांचा हात तसाच वर. तो खाली कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी त्या हाताने कान खाजवला. आता अण्णा नाहीत, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि अजूनही वाटतं.